उजवा कौल

विहिरीचा रहाट पुन्हा करकरला, तेव्हा मी चुलीत नारळाची सोडणं सारत होते. बाहेर नुकतं फटफटलं होतं. पौषातली थंडी, अंगणात उभं राहवत नव्हतं, आणि हे विहिरीवर उघड्या अंगाने उभे राहून डोक्यावर कळशी ओतत होते. खरं तर आंघोळ आधीच झाली होती. देवळाकडे निघाले, आंब्यापर्यंत गेले आणि पोट धरून मागे वळले. परसाकडे जाऊन आले आणि पुन्हा रहाटाला हात घातला.

शेजारच्या अंगणात माझी जाऊ सत्यभामा झाडता झाडता थांबली. तिने विहिरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि परत झाडू लागली. बोलली काहीच नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही वेळसडे गावचे गुरव. आमच्यात पोट बिघडलेलं लपून राहत नाही. ज्याच्याकडे रवळनाथाच्या पूजेची पाळी, त्याने परसाकडे जाऊन आल्यावर डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय गाभाऱ्यात पाऊल टाकायचं नाही, मग तो दिवसातून एकदा जावो नाहीतर दहादा. दुसऱ्या कुणाच्या घरात हगवण लागली तर ती त्याच्या घरात राहते. आमची विहीर गावाला ओरडून सांगते.

हे, म्हणजे माझे यजमान भिकाजी, गणपतीपासून असे चालले होते. आधी मला वाटलं, सणाचं खाणं बाधलं असेल. मग नवरात्र गेलं, दिवाळी गेली, तरी पोट काही जाग्यावर येईना. कधी नुसतं पाणी, कधी चार दिवस काहीच नाही आणि मग कळा. विचारलं की म्हणायचे, उष्णता झालीय. पंचे मी धुवायची. पंचा स्वतः धुवायचा हट्ट ज्या दिवशी ह्यांनी धरला, त्या दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली. मी तो दगडाखालून ओढून काढला आणि पाहिलं. रक्त होतं, आणि खाली न निघालेले जुने डागही होते.

गावात रक्त पडलं की मूळव्याध, असं ठरलेलंच आहे. ज्याला त्याला ती झालेली असते आणि ज्याच्या त्याच्याकडे औषध असतं. ह्यांनी कुड्याच्या सालीचा काढा घेतला, सुरण खाल्लं, बाजारातल्या एका माणसाने दिलेली पुडी ताकातून घेतली. पुडीने आठवडाभर बरं वाटलं. मग धोतराची गाठ कमरेवरून घसरायला लागली. शेवटी मी पोरींची शपथ घातली आणि ह्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. आम्हाला दोन मुली. तेव्हा दोघी शाळेत जात होत्या.

दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या, परुळेकर म्हणून. वयाने लहान, पण प्रश्न विचारायला भीत नव्हत्या. रक्त कधीपासून जातंय, असं त्यांनी विचारलं. हे म्हणाले, रक्त कसलं, मिरची खाल्ली होती. मी मागून म्हटलं, गणपतीपासून. बाईंनी ह्यांना टेबलावर कुशीवर निजायला सांगितलं आणि हातात रबरी मोजा चढवायला घेतला. तो मोजा कशासाठी हे ह्यांच्या ध्यानात आलं मात्र, सदरा खांद्यावर टाकून हे बाहेर. "देवाची वेळ झाली," एवढंच दारातून म्हणाले. दुपारचा एक वाजला होता. त्या वेळी देव झोपलेला असतो.

बाई हसल्या नाहीत. मला बसवून म्हणाल्या, "मूळव्याध असेलही. पण माणूस असा वाळत चाललाय ते मला आवडलेलं नाही. गोव्याला न्या. बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नळी घालून आतून बघतील. आठ-पंधरा दिवस राहायच्या तयारीने जा. आणि उशीर करू नका."

घरी येऊन सांगितलं, तर हे शांतपणे म्हणाले, "माका जाता येवचा नाय."

कारण खोटं नव्हतं. पाळीच्या वर्षात गुरवाने रात्री गावाची शीव ओलांडायची नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. सासऱ्यांची बहीण कुडाळात रात्रीची वारली, तेव्हा पाळी होती म्हणून ते मातीलाही गेले नाहीत. जायचंच झालं तर देवाची परवानगी घ्यायची, म्हणजे कौल लावायचा. आणि पाळीवाल्याने स्वतःचा कौल स्वतः लावायचा नाही. तो भाऊबंदाने लावायचा. आमचा जवळचा भाऊबंद एकच. सत्यभामेचा नवरा, ह्यांचा चुलतभाऊ पुंडलिक.

आता पुंडलिकभाऊजींविषयी सांगायला हवं. कमी बोलणारा माणूस. मान खाली घालून चालायचे, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचे, कधी कधी तेवढ्याचंही नाही. कमी बोलणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. जे ओठात नाही ते पोटात असणारच. माझं माहेर राजापूरकडचं. तिथे माणसं भांडतात ती तोंडावर. इकडे आल्यावर मला कळलं की भाऊबंदकी न बोलताही करता येते. आणि इथे तर कारणही होतं. पाळी मुलींकडे जात नाही. भाऊजींना दोन मुलगे. ह्यांचं काही बरंवाईट झालं, तर देवळाची पाळी, देवाची जमीन, गावातला मान, सगळं बांधापलीकडे त्यांच्या घरी जाणार होतं. हे मला कळत होतं, सत्यभामेला कळत होतं, आणि न बोलणाऱ्या पुंडलिकाला तर नक्कीच कळत असणार.

पहिला कौल लावला तो सोमवारी. ज्यांनी कौल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. काळ्या पाषाणाची उभी मूर्ती. तिच्या उजव्या आणि डाव्या अंगाला पाण्यात भिजवलेली एकेक पाकळी चिकटवतात. मग गाऱ्हाणं घालून देवाला विचारायचं आणि वाट बघायची. देवाच्या उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर होकार, डाव्या अंगाची पडली तर नकार. वरच्या आळीतले मानकरी दाजी सावंत साक्षीला होते. मी सभामंडपात खांबाला टेकून उभी.

भाऊजींनी पाकळ्या लावल्या, बाजूला होऊन हात जोडले. गाऱ्हाणं संपतं न संपतं तोच डावी पाकळी घसरली आणि खाली पडली.

"नको म्हणता देव," दाजी सावंत म्हणाले. ह्यांनी लोटांगण घातलं, उठले आणि परत येताना मला म्हणाले, "झाला तुझा समाधान? देव माका बरो करतलो. हयच करतलो." आणि आंब्यापाशी पोचल्यावर पोट धरून धावले.

मी त्या पाकळीचा विचार करत राहिले. बोटं कुणाची होती? पुंडलिकाची. किती ओली करायची, किती दाबायची, हे कुणाच्या हातात होतं? देव खोटं बोलत नाही हे मला मान्य आहे. पण देवाला पाकळ्या काही देव लावत नाही.

तेव्हापासून मी बांधापलीकडे नीट बघायला लागले. आणि नीट बघायला लागलं की दिसायला लागतं.

सत्यभामा रोज सकाळी पितळेच्या वाडग्यात तांदळाची पेज पाठवायची, वर झाकण घालून. आजवर कधी पाठवली नव्हती ती नेमकी आताच का? एके दिवशी पेज प्यायल्यावर तासाभरात ह्यांना अशा कळा आल्या की उंबऱ्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवसापासून मी वाडगा हसून घ्यायची आणि मागच्या दारी माडाच्या आळ्यात ओतायची. तिथे आमची तांबडी कोंबडी यायची आणि सगळी पेज टिपून खायची. मी तिच्यावर लक्ष ठेवलं. कोंबडी मेली नाही. उलट रोज अंडं घालायला लागली. पण माझा संशय काही गेला नाही. कोंबडीची आणि पुंडलिकाची भाऊबंदकी नव्हती.

मग एके संध्याकाळी भाऊजी अंगणात आले आणि खाली बघत ह्यांना म्हणाले, देवाच्या भांड्यांची किल्ली माझ्याकडे दे, तुला वाकायला त्रास होतो, भांडी मी घासून ठेवेन. ह्यांनी कमरेची किल्ली काढून दिलीसुद्धा. मी आतून बाहेर आले तोवर भाऊजी बांधावर पोचले होते. मी ह्यांना म्हटलं, "आज किल्ली दिलीत, उद्या काय द्याल?" हे म्हणाले, "तुझा आपला कायतरीच गो, कुमुद. भाव असा तो माझो." संशयाला औषध नसतं म्हणतात. भोळेपणाला तरी कुठे असतं?

ह्यांची तब्येत खाली खाली चालली होती. चेहरा पिवळा पडला. रात्री झोप नाही, दिवसा अन्नावर मन नाही. भाताचे चार घास झाले की ताट सरकवायचे. पूजा करताना मध्येच उठून यावं लागायचं, मग पुन्हा विहीर, पुन्हा थंड पाणी. गरम पाण्याने सोवळं होत नाही, असं ह्यांचं म्हणणं. एकदा विहिरीच्या काठावरच बसले आणि उठवेना. मी धावत गेले. माझ्या हाताला ह्यांच्या बरगड्या लागल्या आणि मला रडू फुटलं. पाळी गेली खड्ड्यात. मला माझा नवरा हवा होता आणि तो माझ्या डोळ्यांदेखत परसातून वाहून चालला होता.

बाजाराच्या दिवशी मी मिरची घ्यायला गेले, तर दवाखान्याच्या फाटकाशी भाऊजी उभे. समोर परुळेकरबाई. बाई हात हलवून हलवून काहीतरी समजावत होत्या आणि हा न बोलणारा माणूस चक्क प्रश्न विचारत होता. मी जवळ गेले तसे दोघेही गप्प झाले. भाऊजींनी मुंडासं सारखं केलं आणि एसटीच्या थांब्याकडे चालायला लागले. बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, तुम्ही अजून गोव्याला गेला नाहीत? बाकी काही सांगेनात.

म्हणजे बातमी काढायला आला होता. किती दिवस उरलेत ते विचारायला. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी बांध ओलांडून त्यांच्या ओटीवर गेले. म्हटलं, "भाऊजी, पुन्हा कौल लावा."

ते सुपारी कातरत होते. कातरता कातरता थांबले. "अवस उलटल्याशिवाय तोच सवाल देवाक घालूचो नसता, वैनी."

"मग अमावस्या उलटू दे. दुसऱ्या दिवशी लावा."

"बघया."

"बघया म्हणजे?"

ते उठून आत गेले. सत्यभामा दारात होती, तिने मला पाट दिला, पण मी बसले नाही.

अमावस्या उलटली, तरी त्यांचा पत्ता नाही. मी ह्यांना म्हटलं, भाऊजी तुम्ही मरायची वाट बघतायत. ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर हात उगारला. मारला नाही, तेवढी ताकदच नव्हती. आणि मग अचानक एका संध्याकाळी भाऊजी स्वतः आले. अंगणातूनच बोलले. "उद्या कौल लावया. मी आदी जावन तयारी करतंय. तुमी उगवतीक या. दाजींका सांगलंय."

आधी जाऊन कसली तयारी? दोन पाकळ्या आणि तांब्याभर पाणी, एवढीच तर तयारी असते. मला रात्रभर ते एकच वाक्य पुरलं.

दिशा उजळायच्या आत मी ह्यांना निजलेलं ठेवून देवळाकडे गेले. सभामंडप मोकळा होता. गाभाऱ्याचं लाकडी दार ओढून घेतलेलं, आतून समईचा उजेड. दाराच्या फळ्यांमध्ये एक फट आहे. मी श्वास धरून डोळा लावला. भाऊजी मूर्तीसमोर पाठमोरे उभे होते. डाव्या हातात करवंटी. उजव्या हातात काडी. त्यांनी काडी करवंटीत बुडवून वर उचलली, तेव्हा तिच्या टोकापासून पांढरी तार निघाली आणि लांबत गेली.

फणसाचा चीक. कोकणातल्या बाईला तो ओळखायला वेळ लागत नाही. पोरं पाखरं धरायला फांदीला लावतात. एकदा वाळला की पाण्याला दाद देत नाही. खोबरेल तेल चोळल्याशिवाय बोटाचाही सुटत नाही.

ते वाकले आणि मूर्तीला काहीतरी केलं. कुठल्या अंगाला, ते त्यांच्या पाठीमुळे मला दिसलं नाही. पण दिसायला कशाला हवं? उजवी पाकळी चिकटवून टाकायची, म्हणजे ती पडणारच नाही, आणि डावी आपल्या वजनाने पडेल. देव नको म्हणाला, भिकाजी घरी मेला, झालं. इतके दिवस जे मी नुसतं मनाशी धरून होते ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. मनातून मला, खरं सांगते, एक प्रकारचं समाधानही वाटलं. मी खोटी नव्हते.

ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. एकटी बाई, गाभाऱ्याच्या फटीतून बघताना सापडली, तर उलट माझ्यावरच आळ आला असता. मी ठरवलं, दाजी सावंत येऊ देत. डावी पाकळी पडू दे. मग सगळ्यांसमोर दाजींना सांगेन, उजवी ओढून बघा. सुटते का बघा.

घरी जाऊन ह्यांना हाताला धरून घेऊन आले. दाजी आले, आणखी दोघे-तिघे आले. दार उघडलं. दोन्ही पाकळ्या मूर्तीच्या अंगावर सारख्याच दिसत होत्या, दोन्ही ओल्या. भाऊजी बाजूला हात जोडून उभे राहिले. आवाज नेहमीचाच, खालच्या पट्टीतला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, तुझो चाकर भिकाजी आजारी पडलो असा. त्येका औषदपाण्याक शिवेभायर जावचा असा. तुझी परवानगी असात तर उजवो दी. नसात तर डावो दी."

"होय म्हाराजा," दाजींनी साथ दिली.

मी एक पाय पुढे टाकून उभी होते. वाक्य तोंडात तयार होतं.

उजवी पाकळी पडली.

डावी जिथल्या तिथे. वारा नव्हता. समईची ज्योतही हलत नव्हती. दाजी म्हणाले, "दिल्यान. उजवो दिल्यान." भाऊजींनी घाईघाईने झेंडूचा हार उचलून देवाच्या गळ्यात घातला आणि तो डाव्या अंगावर सारखा केला. एवढ्या थंडीत त्यांच्या मानेवरून घामाची धार चालली होती. हे तर रडायलाच लागले. "देवान माका सोडल्यान. देवच म्हणता जा म्हणान." मी खांब धरला. तोंडात तयार असलेलं वाक्य गिळायला मला फार वेळ लागला.

आम्ही दुसऱ्याच दिवशी गोव्याला गेलो. रबरी मोजा, नळी, सगळ्याला ह्यांनी निमूट अंग दिलं, कारण देवाने पाठवलं होतं. आतड्याच्या शेवटाला गाठ होती. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं तेव्हा मी भिंतीकडे बघत होते. ते म्हणाले, काढता येईल. आणखी काही आठवडे गेले असते तर मी हे म्हणालो नसतो. ऑपरेशन झालं. पोटाला डावीकडे भोक पाडून तिथे पिशवी लावली. खालची जखम भरेपर्यंत सगळं त्या पिशवीत येणार. पुढे काही महिन्यांनी पुन्हा यायचं, पुन्हा पोट उघडून आतडं जोडायचं. ह्यांनी दुसऱ्यांदा आलंच पाहिजे, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं. पुष्कळ लोक बरं वाटलं की येत नाहीत.

ती पिशवी धुवायला मी शिकले. ह्यांना त्या पिशवीची इतकी लाज की पोरी जवळ आल्या की पोटावर उशी घेऊन बसायचे. गावी परतलो तोवर शिमगा तोंडावर आला होता. ह्यांच्या मागे देवाची पूजा भाऊजी करत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो. देवाकडे कधी जातो असं ह्यांना झालं होतं. पण पोटाला पिशवी असलेल्या गुरवाने गाभाऱ्यात जावं का? आजवर कुणी गेलंच नव्हतं, तर रीत कोण सांगणार? ह्यांच्या मते उत्तर सोपं होतं. देवालाच विचारायचं.

ह्यांनी भाऊजींना बोलावून घेतलं. ते ओटीच्या कडेला टेकले. दोघेही रोडले होते; एकाला तरी कारण होतं. हे आनंदाने बोलत होते, गोव्याचं सांगत होते, आणि मग म्हणाले, "पुंडलिका, उद्या कौल लाव. पिशवी घेवन देवाकडे जाव की नको, विचार."

भाऊजी खाली बघत राहिले. "मी कौल लावचंय नाय."

"म्हणजे?"

"दुसऱ्या कोणाकडसून लावन घे."

"कित्याक? माझो भाव तू मगे दुसरो कित्याक?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, आणि लगेच नजर काढून घेतली. हे बघत राहिले त्यांच्याकडे. मग ह्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तो बदल मी ओळखला. महिनाभर तोच चेहरा घेऊन मी बांधापलीकडे बघत होते.

"समाजला माका," हे म्हणाले. "देव हो म्हणतलो ह्येचा भय वाटता तुका. मी परत गाभाऱ्यात इलंय तर तुझा कसा होतला? कुमुद सांगी होती. माकाच खरा वाटला नाय."

आणि मग ह्यांचं तोंड सुटलं. किल्ली, पेज, पहिला डावा कौल, सगळं जे मी ह्यांच्या कानांशी बोलले होते आणि ह्यांनी हसण्यावारी नेलं होतं, ते एकेक करून बाहेर आलं. भाऊजी ऐकत होते. मग उठले आणि अंगणात उतरले.

मी त्यांच्या मागे गेले. बांधाशी त्यांना गाठलं. "भाऊजी, मी त्या दिवशी फटीतून बघत होते," म्हटलं. "चीक बघितला मी."

ते बांधावर बसलेच. "कोणाक सांगलात?"

"नाही."

"पयलो कौल खरो होतो, वैनी. माका वाटला व्हता, देव हो म्हणतलो. नको म्हटल्यान." त्यांनी आपले हात उलटेपालटे करून बघितले. "मगे त्या डाक्टरणीक जावन इचारलंय. ती म्हणाली, हय ठेवलास तर पावस काय बघूचो नाय तो. अवस उलटली, तरी माझो हात धजना. देव नको म्हणता, डाक्टरीण जा म्हणता. कोणाचा ऐकू?"

"तुम्ही भावाचं ऐकलंत."

"देवाक फसवलंय मी." हे ते अगदी साधेपणाने म्हणाले. "हो हात आता देवाक लागाचो नाय. त्या दिवसापासून मी गाभाऱ्यात गेलंय नाय. दाजींका सांगलंय, कंबरेत चमक भरता. पूजा वरच्या वाडीतले गुरव करतत. पुढली पाळी पण तेंकाच देवक सांगलंय. माझ्या दोनय झिलांका पण नको."

संशय घेतला म्हणून मला आजही फारसं वाईट वाटत नाही. त्या दिवसांत घरात डोळे उघडे ठेवणारी मी एकटीच होते. पण त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि घरात बसलेल्या माणसाला ओरडून सांगावंसं वाटलं. मी वळलेही.

"सांगा नको," भाऊजी म्हणाले.

"ते तुम्हाला चोर समजतायत, भाऊजी. आयुष्यभर तसंच समजतील."

"समजांदेत. त्येका कळला की कौल खोटो होतो, तर तो परत गोव्याक जायत? देवाच्या मनात नसताना वाचलंय म्हणान हयच निजात. तुमी वळखतास त्येका." ते उठले, मुंडासं झटकून डोक्याला गुंडाळलं. "रागवांदे माझ्यार. रागावूक माणूस जितो लागता."

ते बांध ओलांडून गेले. मी परत आले, तर हे ओटीवर ताठ बसलेले, पोटावरची उशी बाजूला पडलेली, पिशवीचं भानही नव्हतं. मला म्हणाले, "काय म्हणा होतो तो चोर?"

"काही नाही," मी म्हटलं. "जेवायला वाढते."

जेवतानाही ह्यांच्या शिव्या चालूच होत्या. पुंडलिकाला, त्याच्या मुलग्यांना, त्याच्या सात पिढ्यांना, ज्या आमच्याही होत्या. मी समोर बसून ऐकत होते. भात संपला तसं ह्यांनी बोलता बोलताच ताट माझ्यापुढे सरकवलं आणि आणखी मागितला. गणपतीपासून ह्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला नव्हता. मी वाढला.